दिसेल ते लिहा

संपादकांनी फोन करून सांगितलं, "ताई, तुम्ही इतकी वर्षं आदिवासी भागात हिंडलात, त्यावर आमच्या अंकासाठी लिहा. जरा निसर्गवर्णन वगैरे येऊ द्या." लिहिते. पण आधीच सांगून ठेवते, निसर्गाकडे बघायला मला कधी फुरसत झाली नाही. माझी सगळी नोकरी मान खाली घालून फॉर्म भरण्यात गेली. आणि 'भोळेभाबडे आदिवासी' असलं काही वाचायच्या तयारीत कोणी बसलं असेल, तर त्यांनी हे पान खुशाल उलटावं. त्या सगळ्या प्रकरणात भोळं कोणी असेलच, तर ते आमचं खातं होतं.

माझ्या हुद्द्याचं नाव अन्वेषक. इंदूरला मल्हारगंजातल्या आमच्या शेजारणींना ते शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, त्या मला 'गिनतीवाली भाभी' म्हणायच्या. काम साधं. चौदा पानांचा फॉर्म घेऊन वस्तीवर जायचं, घरोघर बसायचं, आणि घरात काय आहे, काय नाही, कोण काय खातं, कोण काय कमावतं हे लिहून आणायचं. प्रत्येक वस्तूला गुण असत. खाट असेल तर इतके, घड्याळ असेल तर तितके. शेवटी बेरीज. आमची परीक्षा उलटी होती. ज्याला गुण जास्त तो नापास, म्हणजे गरिबांच्या यादीतून बाहेर. यादीतून बाहेर म्हणजे स्वस्त धान्याचं कार्ड गेलं, हातपंप गेला, सगळंच गेलं.

फॉर्म वरून बनून यायचा. कुठल्या वरून, ते विचारू नका, आमच्यासाठी भोपाळसुद्धा वरच होतं. त्यात प्रश्न असे: पाहुण्यांसाठी वेगळी खोली आहे का? असल्यास तीत छताचा पंखा आहे का? मी हे जिथे विचारत होते तिथे विजेचा खांब बघायला दोन डोंगर उतरावे लागत. पण प्रश्न गाळायचा नाही अशी सक्त ताकीद. मी कुडाच्या भिंतीकडे बघत गंभीरपणे पंख्याचं विचारायची, आणि समोरचा माणूस छताकडे बघून तितक्याच गंभीरपणे सांगायचा, "अभी तो नी है." जणू कालच दुरुस्तीला दिलाय.

वयाचा रकाना तर विचारूच नका. एका आजोबांना मी वय विचारलं, तर ते म्हणाले, "तेरे को कित्ता होना?" मी म्हटलं, जे खरं असेल ते. ते म्हणाले, "लिख दे, जित्ता जगह हो." आणखी एक महाभाग भेटला, त्याला मुख्य व्यवसाय विचारला. म्हणाला, सकाळी बकऱ्या चारतो, दुपारी झोपतो. फॉर्मात प्रत्येक व्यवसायाला ठरलेला नंबर असे. मी बकऱ्यांचा नंबर लिहिला, तर हा अडून बसला. झोपेचा नंबर कुठाय? त्यातच वेळ जास्त जातो! अर्धा तास हुज्जत घातली त्याने, आणि खरं सांगते, मुद्दा त्याचाच बरोबर होता.

आम्हाला शिकवणारे सक्सेना साहेब. भोपाळहून यायचे, कडक इस्त्रीचा सफारी, खिशाला दोन पेनं. त्यांचा एकच मंत्र: सांगतील ते लिहू नका, दिसेल ते लिहा. गरीब माणूस खोटं बोलतो, डोळे बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आम्ही बावीस-पंचवीस जणांनी मान डोलवून ते वहीत उतरवून घेतलं. सगळे कच्च्या नोकरीतले, दर सहा महिन्यांनी कागद नवा होणारे. साहेबांनी सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं असतं तरी उतरवून घेतलं असतं.

मला तर ती कच्ची नोकरीही सोन्यासारखी होती. त्याच सुमारास इंदूरच्या मिला एकेक करून बंद पडत होत्या. पेपरात रोज 'खुली अर्थव्यवस्था' छापून यायची, बाजारात नव्या गाड्या नि थंड पेयं यायला लागली होती, आणि आमच्या गल्लीत माणसं भरदुपारी घरी दिसायला लागली होती. त्यात आमचे हेही. हे मिलमध्ये टाइमकीपर होते. गेटवर बसून माणसांची हजेरी घेणं, एवढंच काम वीस-बावीस वर्षं केलेलं. मिलच्या गेटला कुलूप लागलं त्याला सहा-सात महिने झाले होते. घरात कमावणारी मी एकटी, आणि तीही सहा महिन्यांच्या बोलीवर.

तर अशा दिवसांत मला आंबाखोदरा मिळालं. सिमरोलच्या पुढे घाट उतरला की आत जंगलात भिलांची एक वस्ती, घरं सतरा. सतरा ऐकून हसू नका. आपल्यासारखी भिंतीला भिंत लावून घरं नसतात तिथे. प्रत्येकाची आपली टेकडी, टेकडीवर एक घर, भोवती स्वतःचं शेत. शेजारणीशी बोलायचं तर या टेकडीवरून त्या टेकडीवर हाक मारायची. एका घरून दुसऱ्या घरी जायला मला पाऊण मैलाचा वळसा पडायचा, कारण मधला नाला माझ्याच्याने ओलांडवत नसे.

पहिलं घर थावरीबाईचं. साठीची असेल. तोंडात तंबाखू, हातांत चांदीची कडी, आवाज असा की मांजर पळावं. वस्तीचा कारभार तीच बघायची. मी पोचले तर अंगणात एक लोखंडी खुर्ची मांडून ठेवलेली, हिरव्या पट्ट्यांची. मला बसवलं, स्टीलच्या चकचकीत लोट्यातून पाणी दिलं. कोपऱ्यात खाट, खाटेवर नवी गोधडी, खुंटीला रेडिओ. रेडिओ बंद होता, पण होता. मला बरं वाटलं. वाटलं, चला, या घरी बरंय सगळं. खुर्ची एक, लोटा एक, रेडिओ एक, सगळं लिहिलं. दिसेल ते.

दुसऱ्या घरी पोचले. खुर्ची. लोटा. गोधडी. रेडिओ. तिसऱ्या घरी तेच. मी सलग तीन दिवस जात होते, सतरा घरं केली, सतराही घरांत खुर्चीवर बसले. जंगलाच्या आत एवढी सुधारणा बघून मला खात्याचा अभिमान वाटला, शपथ. मी तर फॉर्मवर शेरेही लिहीत गेले. शेरा लिहायची मला फार हौस. 'खुर्चीचा डावा हात नाही,' असं एका ठिकाणी लिहिलं. आणखी एक गोष्ट नजरेला आली: प्रत्येक घरी मी पोचायची तेव्हा दाराशी एक तरणाबांड माणूस घामाघूम होऊन धापा टाकत उभा असायचा. मी शेरा लिहिला, 'वस्तीत श्वासाचे विकार आढळतात.'

हसा, हसा. मी काय म्हणून अडवू?

महिन्याभराने कच्ची यादी लागली आणि आंबाखोदरा तिच्यात नव्हतंच. सतराच्या सतरा घरं नापास. मला चुटपुट लागली. थावरीबाईच्या घरी पिठाची कोठी मी स्वतः बघितली होती, तळाला दोन मुठी मका. ती कोठी लिहायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता, हा भाग वेगळा. मी कार्बनच्या प्रती घरी आणल्या आणि टेबलावर पसरून बेरजा पुन्हा करायला बसले.

हे शेजारी बसून पेन्सिलींना टोकं काढत होते. त्यांनी एक फॉर्म उचलला, मग दुसरा, मग सगळा गठ्ठाच जवळ ओढला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "अगं, डावा हात नसलेल्या खुर्च्या या लोकांना घाऊक मिळाल्या का?"

मी बघितलं. कप्पाळ माझं! सतरा फॉर्मांपैकी अकरांवर मीच माझ्या अक्षरात लिहिलेलं: डावा हात नाही. डावा हात नाही. डावा हात नाही.

"ही एकच खुर्ची आहे," हे म्हणाले. "तिने सतरा ठिकाणी हजेरी लावलीये. आमच्याकडे नाही का, एक कामगार यायचा आणि खिशातून चार दोस्तांचे हजेरीचे बिल्ले काढून पेटीत टाकायचा? पण त्यांना बिल्ले तरी निरनिराळे लागायचे. तू एकाच बिल्ल्यावर सतरा माणसं हजर केलीस." आणि वर, "श्वासाचा विकार कोणाला, ते आलं का लक्षात?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून पहिली बस पकडली आणि आंबाखोदऱ्याला गेले. थावरीबाईला विचारलं, तर तिला लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. उलट कौतुकाने सांगायला लागली. वस्तीत खुर्ची एक. लोटा एक, रेडिओ एक, धड गोधडी एक. ती कोणा एकाची नाहीत, पाहुण्याची आहेत. पाहुणा ज्याच्या दारी, त्याच्या दारी ती जाणार. ही वस्तीची रीत. आणि मी घरोघर जाणारी पाहुणी निघाले, त्यामुळे तिचा मुलगा नानसिंग खुर्ची डोक्यावर घेऊन, रेडिओ गळ्यात अडकवून नाल्यातल्या आडवाटेने तीन दिवस माझ्यापुढे धावत होता. "रात को उसके पाँव दबाए मैंने," थावरीबाई म्हणाली. "तेरे कारण."

मी तिला यादीचं समजावलं. खुर्ची दिसली म्हणून कार्ड गेलं. आता मी फेरतपासणी मागते, पण या वेळी खुर्ची लपवून ठेवायची, आणि जो येईल त्याला जमिनीवर बसवायचं. बस, एवढंच.

थावरीबाईने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घाण बोलले होते. "मेहमान भुईं पर बैठेगा?"

"हो, एक दिवस."

"नी बैठेगा."

"माय, कार्ड जाईल."

"कार्ड जाए. कल को कोई बोलेगा, आंबाखोदरे में गया था, भुईं पर बैठाया, तो मैं मुँह कहाँ रखूँ?"

मी हात जोडले, रागावले, शेवटी ओरडलेसुद्धा. माझा स्वभाव तसा तापटच. तीही ओरडली. दोघी टेकडीवर उभ्या राहून भांडलो आणि समोरच्या टेकडीवरच्या बायका हातातलं काम टाकून ऐकत उभ्या. मी भांडणात हरले, तशीच परत आले.

ऑफिसात लेखी अर्ज दिला की माझ्याकडून नोंदी चुकल्या, फेरतपासणी व्हावी. सक्सेना साहेबांनी बोलावून घेतलं. "आपने कुर्सी देखी थी?" देखी थी. "सत्रह घरों में देखी?" सत्रह घरों में. "तो गलती कहाँ है?" मी सगळं सांगितलं. खुर्ची एकच आहे, ती फिरते. साहेब हसले. त्यांच्या मते ही गावकऱ्यांनी मागाहून रचलेली गोष्ट होती आणि मी तिला भुलले होते. खुर्ची काय चालते का? मग म्हणाले, ठीक आहे, मी स्वतः येतो, नमुन्याला पाच घरं बघतो. पाच घरांत खुर्ची दिसली, तर यादी आहे तशी पक्की, आणि खोटा अर्ज केला म्हणून तुमचा कागद नवा होणार नाही.

झालं! म्हणजे आता वस्तीचं कार्ड आणि माझी नोकरी, दोन्ही त्या एका मोडक्या खुर्चीवर टेकलेली. साहेब येणार, साहेब म्हणजे थोर पाहुणा, आणि नानसिंग जीव तोडून धावणार. मला त्याच्या धावण्याबद्दल शंका नव्हती.

आदल्या आठवड्यात मी पुन्हा गेले. या वेळी भांडले नाही, नुसती तिच्या ओट्यावर बसून राहिले. म्हटलं, माय, तुझी रीत सोडायला नको, पण माझी नोकरी जाईल. यांची मिल बंद आहे. हे ऐकल्यावर तिने तोंडातला तंबाखू थुंकला. मग आत गेली, कुंकू घेऊन आली, माझ्या कपाळाला टेकवलं आणि पदरात मूठभर मका टाकला. "आज से तू पोरी," म्हणाली. लेक झालीस. लेक म्हणजे पाहुणी नव्हे. लेक भुईवर बसते, चुलीपाशी बसते, तिला कसली खुर्ची? आता तू ये, कोणी खुर्ची काढणार नाही.

मला गहिवरून आलं. आणि त्या गहिवरात एक गोष्ट साफ विसरले, की येणार होते ते साहेब. मी नव्हे.

हे लक्षात आलं ते थेट त्या सकाळी, जीप दाराशी उभी असताना. काय करणार आता? त्यात यांनी नवीन टूम काढली. "मी पण येतो," म्हणाले. "मला ती खुर्ची बघायची आहे." आठ महिन्यांत या माणसाने काही बघायचंय, कुठे जायचंय असं पहिल्यांदा म्हटलं होतं. मी साहेबांना सांगितलं की माझा पाय मुरगळलाय, मिस्टर झोळी धरायला येताहेत. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून परवानगी दिली. हे मागे स्टेपनीवर बसून आले.

नाल्यापाशी, थावरीबाईच्या अंगणासमोर जीप थांबली आणि बघते तर अख्खी वस्ती उतरलेली. मांदल, म्हणजे त्यांचा ढोल, वाजतोय, बायका नटलेल्या. नानसिंग पुढे, डोक्यावर खुर्ची. साहेबांनी खुर्ची बघितली, मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला. संपली नोकरी.

थावरीबाई पुढे आली. साहेबांकडे बोट करून मला विचारलं, "ये कौन?"

"साहेब आहेत. मोठे साहेब. भोपाळचे."

"और वो?" ती जीपच्या मागे बघत होती. हे आपले झोळी सांभाळत, पाय आखडल्यामुळे लंगडत खाली उतरत होते.

"ते... मेरे घरवाले हैं."

थावरीबाईने एक आरोळी ठोकली ती अजून माझ्या कानात आहे. "जमाई!"

पोरीचा नवरा म्हणजे जमाई. वस्तीचा जमाई पहिल्यांदा दारात आलाय, म्हटल्यावर साहेब कुठले नि भोपाळ कुठलं! मांदल दुप्पट जोरात वाजायला लागला. नानसिंगने खुर्ची खाली ठेवली. साहेब सवयीने पुढे होऊन बसायला लागले. त्यांचे गुडघे वाकलेले, आणि नानसिंगने अगदी अदबीने खुर्ची त्यांच्याखालून सरकवून यांच्यापुढे नेली. साहेब तसेच अर्धे बसलेले हवेत राहिले. कोणी तरी त्यांना एक दगड दाखवला. चांगला सपाट दगड होता.

हे खुर्चीवर बसायला तयार होईनात. "अहो, साहेबांना द्या," असं मराठीत पुटपुटत होते. थावरीबाईने खांदा धरून बसवलं. कपाळाला कुंकू, गळ्यात फुलं, हातात तो लोटा. साहेब दगडावर बसून नवव्या पानावर वस्तूंचे रकाने बघत होते. त्यांनी लिहिलं, 'खुर्ची एक.'

मग वरात निघाली. वरातच म्हणायची. पुढे मांदल, मागे नानसिंगच्या डोक्यावर खुर्ची, त्यामागे जमाई, मग बायका, सगळ्यांत शेवटी काटे चुकवत साहेब. आडवाटेने, नाल्यातून. दुसऱ्या घरी खुर्ची मांडली, जमाई बसले. साहेब भुईवर मांडी घालून. सफारीची मांडी कशी पडते, ते मी त्या दिवशी बघितलं. तिसऱ्या घरी साहेबांनी खुर्चीच्या डाव्या बाजूला वाकून बघितलं. मग नानसिंगला विचारलं, "ये वही कुर्सी है?"

नानसिंगला प्रश्नच कळेना. "तो दूसरी कहाँ से आएगी साब?"

साहेबांनी पेन काढलं, पहिल्या घरची 'एक' खोडली, विचारात पडले, पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. एक खुर्ची सतरा घरांत कशी वाटायची, याची सूचना फॉर्मच्या मागच्या पानावर नव्हती. मी बघितलेलं होतं.

पाच घरं झाल्यावर साहेब म्हणाले, बस, माझा नमुना झाला, चला. थावरीबाई म्हणाली, "तू जा. जमाई सब घर जाएगा." एक घर टाकून जमाई परत गेला तर त्या घराने आयुष्यभर तोंड बघितलं नसतं. आणि साहेब जाणार कसे? ड्रायव्हर पहिल्याच घरी दाल-पानिये खाऊन आंब्याखाली आडवा झालेला. साहेब सतरा घरं फिरले. सतरा वेळा भुईवर बसले, सतरा वेळा उठले. बाराव्या घरापर्यंत त्यांनी मुकाट्याने बूट हातात घेतले होते. मक्याच्या पिठाच्या कोठ्यांत तेही डोकावले, मला ते दिसलं. ते वाकून बराच वेळ बघायचे, मग रकाना शोधायचे. रकाना नव्हता.

यादीचं इथेच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला राहील. साहेबांनी सतराही फॉर्मांवर स्वतःच्या हाताने 'खुर्ची: नाही' लिहिलं, सह्या केल्या. वस्तीला कार्डं मिळाली. माझा कागद नवा झाला, पुढे मी पक्कीही झाले. पण एक सल आहे, तोही सांगते. आंबाखोदऱ्याच्या आधी मी तशाच कितीतरी वस्त्या केल्या होत्या. तिथेही मला बसायला खुर्ची मिळाली होती, आणि ती मी लिहिली होती. त्या खुर्च्या चालत्या होत्या की नाही, मला कधीच कळलं नाही. ते फॉर्म बांधून वर गेले, आणि वर गेलेलं खाली येत नाही. त्या वस्त्यांना लेक नव्हती, जमाई नव्हता. त्याचं मला अजून वाईट वाटतं, वाटायलाच हवं.

तर सतरावं घर. दिवस कलायला आलेला. साहेब भुईवर भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेले, हातात लोटा. इतका वेळ एकत्र चालल्यावर माणूस जरा सैल होतो. त्यांनी खुर्चीवरच्या यांच्याकडे वर बघितलं आणि सहज विचारलं, "भाईसाहब, आप करते क्या हैं?"

माझं पेन थांबलं. हा प्रश्न आमच्या घरात कोणी उच्चारत नव्हतं. मिल बंद झाल्यापासून हे लग्नामुंजीत खुर्चीवर बसायचे नाहीत. बसलं की शेजारचा माणूस विचारतोच, सध्या काय चाललंय? म्हणून हे पंचा कमरेला बांधून पंगतीत वाढायला घ्यायचे, आणि शेवटची पंगत उठेपर्यंत वाढत राहायचे. आता हातात वाढायला काही नव्हतं. हे खुर्चीत बसलेले, गळ्यात फुलं, आणि अख्खी वस्ती उत्तराची वाट बघत होती. त्यांची बोटं खुर्चीच्या नसलेल्या हातावर काहीतरी चाचपत होती.

थावरीबाईने तंबाखूची पिंक टाकली. "करेगा क्या?" ती साहेबांवर खेकसली. "जमाई है!"

सगळी वस्ती हसली. असला कसला प्रश्न, जमाईला काय काम विचारतात? नानसिंग हसला, साहेबही हसले. आणि मग हे हसले. आधी ओठांतल्या ओठांत, मग खो खो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आठ महिने मी या माणसाला हसताना बघितलं नव्हतं. आवाजसुद्धा विसरले होते.

मला रडू आवरेना. ते कोणाला दिसू नये म्हणून मी मान खाली घालून शेवटच्या फॉर्मची बेरीज करायला घेतली, आणि तीन वेळा करूनही ती जमली नाही.